कैखुश्रू, हाऊ, ड्रॉमेडरी : एका कोठीच्या जहाजाची चाकरी



चालक आमच्याकडे विषय विचारावयास आले तेव्हा आम्ही म्हणालो, एका आरमारी जहाजाविषयी बोलू. त्यांना आनंद झाला. त्यांनी विचारले, "कोणत्या लढाईतले?" आम्ही म्हणालो, "कोणत्याही नव्हे. ते रसद वाहणारे जहाज होते." त्यांचा चेहरा जरा उतरला, पण ते सज्जन गृहस्थ, त्यांनी विषय बदला असे काही म्हटले नाही. आमचे निम्मे शिक्षण युनियनच्या कचेरीत रद्दीच्या भावाने आणलेल्या पुस्तकांवर झालेले आहे. त्यामुळे दुसरे विद्वान जिथे नजर टाकीत नाहीत तिथे आमची नजर आधी जाते, ही खोडच म्हणा.

लढाऊ जहाजांचा इतिहास सगळ्यांना ठाऊक. ट्रफाल्गर म्हटले की नेल्सन आठवतो. परंतु एक साधा हिशेब करून पाहा. त्या काळच्या चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजावर सुमारे सहाशे माणसे असत. दर माणसाला रोज एक रत्तल बिस्किट हा शिधा ठरलेला. म्हणजे रोजचे सहाशे रत्तल, आणि तीन महिन्यांचे झाले चोपन्न हजार रत्तल, म्हणजे चोवीस टन. हे नुसते बिस्किट! खारवलेले मांस, वाटाणे, बिअर, रम, पाणी ह्यांची पिंपे वेगळीच. शिवाय शिडाचे कापड, दोर, डांबर, नांगर, दारूगोळा, मोडलेल्या डोलकाठीच्या जागी घालावयाची नवी काठी. हे सारे जो पोचवील त्याच्यावर ते आरमार उभे. हे पोचवणाऱ्या जहाजांना इंग्रजीत स्टोअरशिप म्हणत. आपण कोठीचे जहाज म्हणू.

आज आम्ही ज्या जहाजाबद्दल सांगणार आहोत ते मुंबईचे. १७९९ साली ते मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरले. त्याचे पहिले नाव कैखुश्रू. सुमारे एक हजार टनांचे, दीडशे फुटांच्या आसपास लांबीचे, अस्सल सागवानी व्यापारी जहाज. त्या वेळी गोदीची बांधणी वाडिया घराण्याच्या हाती होती. लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून सुतार बरोबर घेऊन मुंबईस आले, आणि पुढे त्यांच्या मुलानातवांनी ती गादी चालविली. ह्या घराण्याची कीर्ती सर्वांना माहीत आहे, आणि ती रास्तच आहे. पण मलबारचा साग समुद्रमार्गे आला की तो करवतीने चिरणारे, फळीच्या कडेला खाच पाडून तीत दुसरी फळी बसविणारे, सांध्यांत कापूस-काथ्या ठासून वर राळ ओतणारे जे शेकडो हात होते, त्यांची नावे कोठे नोंदलेली आम्हांला सापडली नाहीत. त्यांच्या कामाची साक्ष मात्र निघते. विलायती ओकच्या लाकडात आम्ल असते, त्याने आतले खिळे गंजतात आणि लाकूडही कुजते. सागात तेल असते, ते लोखंडाला सांभाळून घेते. म्हणून मुंबईची जहाजे वर्षानुवर्षे टिकत. मुंबईस १८१७ मध्ये बांधलेले ट्रिंकोमाली हे जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगते आहे.

कैखुश्रू जहाजाने पाच-सहा वर्षे व्यापार केला. १८०५ साली हिंदुस्थानच्या समुद्रातील इंग्रज आरमाराचा सेनापती ॲडमिरल पेल्यू ह्याने ते विकत घेतले, त्यावर चाळीस तोफांची सोय केली आणि नाव ठेवले हाऊ. ह्या नावाकडे आम्ही पुढे वळणारच आहो. लढाऊ म्हणून त्याच्या वाट्याला आलेली एक कामगिरी मात्र इथल्या श्रोत्यांनी ऐकण्यासारखी आहे. १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईचा तह ज्याच्या कारकीर्दीत झाला, आणि शिंदे-भोसल्यांशी १८०३ चे युद्ध ज्याने खेळले, तो गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली १८०५ मध्ये कलकत्त्याहून स्वदेशी निघाला तो ह्याच जहाजातून. मराठेशाहीचा पाया खिळखिळा करून जाणारा माणूस मुंबईच्या सुतारांनी जोडलेल्या फळ्यांवर पाय ठेवून गेला. फळ्या भक्कम होत्या. तो सुखरूप पोचला.

इंग्लंडास गेल्यावर १८०६ मध्ये जहाजाची बढती झाली की बदली, हे ज्याने त्याने ठरवावे. तोफा चाळिसांच्या चोवीस झाल्या, पोट माल भरण्यासाठी मोकळे केले, आणि नाव झाले ड्रॉमेडरी, म्हणजे एका मदारीचा उंट, आपण ज्याला सांडणी म्हणतो ते जनावर. इंग्रज आरमारात लढाऊ जहाजांना सेनापतींची, देवदेवतांची, विजयांची नावे असत, आणि कोठीच्या जहाजांत कॅमल, बफेलो, ड्रॉमेडरी अशी ओझ्याची जनावरे भेटत. बफेलो, म्हणजे म्हैस किंवा रेडा, हेही आपल्याकडलेच. ते १८१३ साली कलकत्त्यास बांधलेले. काही नावे ठेवणाऱ्याची वृत्ती सांगतात, त्यांतली ही.

ह्या जहाजावरचे जिणे कसे होते? त्यावर बहुधा बादशाही सनद घेतलेला कप्तान नसे. मास्टर असे, म्हणजे नौकानयनात तरबेज पण पायरीने खालचा अधिकारी. शत्रूचे जहाज पकडले की त्याच्या किमतीचा वाटा खलाशांपर्यंत येई. पण कोठीच्या जहाजाने लढाई टाळून माल पोचवायचा असल्यामुळे त्या वाट्याची आशा थोडी. काम मात्र दुप्पट. एका बंदरात पिंपे उतरवायची, रिकामी पिंपे चढवायची, मालाचे वजन दोन्ही बाजूंना सारखे बसवायचे. नाही तर वादळात माल एका अंगाला सरकला की जहाज कलंडले म्हणून समजा. लांब डोलकाठ्या चढविण्यासाठी अशा जहाजांच्या नाळेला किंवा मागल्या बाजूला भोक पाडलेले असे, त्यातून काठी आडवी आत सारायची आणि समुद्रावर निघण्यापूर्वी ते भोक पाणी शिरणार नाही असे बुजवायचे. गोदीत ज्यांनी माल हाताळला आहे त्यांना हे निराळे सांगावे लागणार नाही. चढवण्या-उतरवण्याच्या कामात माणूस चिरडतो तो फार करून घाईत.

आता मापाची गोष्ट. कोठी आली की माप आले, आणि माप आले की भांडण आले. इंग्रज आरमारात कोठीवाल्याला पर्सर म्हणत. त्याचा पगार तुटपुंजा. त्याची खरी कमाई मापात. सोळा औंसांचा रत्तल असतो हे शाळेतले पोरही सांगेल. पण पर्सरचा रत्तल चौदा औंसांचा! सांडलवंड, नासधूस, उंदीर ह्यांच्या नावाने दर रत्तलामागे आठवा हिस्सा कापून घेण्याची ही रूढीच होती, आणि रूढीला जाब कोण विचारणार?

१७९७ च्या एप्रिलमध्ये तो विचारला गेला. पोर्टस्मथजवळ स्पिटहेड येथे नांगरलेल्या आरमारातल्या सोळा मोठ्या जहाजांच्या खलाशांनी नांगर उचलण्यास नकार दिला. इतिहासात त्याला बंड म्हणतात. आमच्या व्यवसायात त्याला दुसरा शब्द आहे. दर जहाजाने दोन प्रतिनिधी निवडले, बत्तीस जणांची समिती बसली, अर्ज लिहिले, शिस्त कडक ठेवली, आणि फ्रेंच आरमार बाहेर पडल्यास आम्ही लढायला निघू असे आधीच सांगून टाकले. मागण्या पाहा. पगार वाढवा, कारण तो शंभराहून अधिक वर्षे होता तिथेच आहे. आजाऱ्यांची नीट काळजी घ्या. बंदरात असताना भाजीपाला द्या. जखमी खलाशाचा पगार जखम बरी होईपर्यंत तोडू नका. आणि रत्तल सोळा औंसांचा करा.

आम्ही संघटनेच्या कामास लागलो तेव्हा एका कारखान्यातल्या पहिल्या वाटाघाटी महागाईभत्त्यावर होतील असे आम्हांला वाटले होते. कामगारांनी आमच्या हाती जी यादी दिली तिच्यात पहिले कलम होते : कँटीनमधल्या उसळीची वाटी बदलली आहे, जुनी वाटी परत आणा. तेव्हा आम्हांला हसू आले होते. पुढे स्पिटहेडविषयी वाचले तेव्हा त्या वाटीचे वजन कळले. पगार कमी असला तर माणूस गरीब असतो. माप खोटे असले तर त्याचा रोज दोन वेळा अपमान होतो.

स्पिटहेडचे खलाशी जिंकले. महिन्याला तरबेज खलाशाचा पगार साडेपाच शिलिंगांनी वाढला, रत्तल पुरा झाला, आणि राजाकडून माफी आली. ती घेऊन मे महिन्यात जहाजाजहाजावर फिरणारा, प्रतिनिधींशी बोलून तडजोड घडवून आणणारा जो वृद्ध, संधिवाताने जर्जर झालेला सेनापती होता त्याचे नाव लॉर्ड हाऊ. आमच्या मुंबईकर जहाजाचे दुसरे नाव तेच. त्याच उन्हाळ्यात नोर येथे दुसरा उठाव झाला. तो मात्र चिरडला गेला आणि त्याचा पुढारी रिचर्ड पार्कर फाशी गेला. तेव्हा सगळीकडे हाऊ भेटतोच असे नाही. असो. ड्रॉमेडरीने रसद वाहण्यास आरंभ केला तेव्हा तिच्या पोटातल्या मालाचा रत्तल सोळा औंसांचा होता, आणि तो सोळा औंसांचा कोणी केला हे आम्हांला आज सांगायचे होते.

१८०९ मध्ये तिच्यावर निराळाच माल चढला. न्यू साउथ वेल्सच्या वसाहतीत लष्कराने गव्हर्नर ब्लाय ह्याला पदच्युत केले होते. त्याच्या जागी लॅक्लन मॅक्वारी ह्याची नेमणूक झाली, आणि मे महिन्यात तो पत्नी, नोकरचाकर व पलटणीसह ड्रॉमेडरीतून निघाला. बरोबर हिंदोस्तान नावाचे दुसरे जहाज होते. अटलांटिक उतरून, रिओ द जानेरो आणि केप ऑफ गुड होपला थांबत, २८ डिसेंबरला ती जहाजे सिडनीस पोचली. सात महिने! हा मॅक्वारी मुंबईत राहून गेलेला; १७९३ मध्ये त्याचे पहिले लग्न मुंबईतच झाले होते. ऑस्ट्रेलियात त्याचे नाव रस्त्यांना, नद्यांना आहे. सुटका झालेल्या कैद्यांना त्याने माणसांत घेतले ही गोष्ट त्याच्या जमेस धरलीच पाहिजे. पण त्याच्या चाकरीत जॉर्ज जार्व्हिस नावाचा जो हिंदी इसम होता तो मॅक्वारीने १७९५ मध्ये कोचीनला गुलामांच्या बाजारात विकत घेतलेला पोरगा. त्याचे मूळ नाव पुसले गेले, धन्याने दिलेले उरले. मुंबईत बांधलेले, कैखुश्रूची ड्रॉमेडरी झालेले जहाज, आणि त्यावर कोचीनचा, जॉर्ज झालेला मुलगा. दोघांचीही नावे दुसऱ्यांनी बदललेली.

त्याच डिसेंबरात, सिडनीपासून समुद्राने बाराशे मैलांवर, न्यूझीलंडच्या व्हांगारोआ बंदरात एक भयंकर प्रकार घडला. बॉइड नावाचे जहाज काउरीच्या डोलकाठ्या भरण्यास तिथे आले होते. त्यावर ते आरा नावाचा एका माओरी प्रमुखाचा मुलगा होता. भाड्याऐवजी त्याने जहाजावर काम करावे असे ठरले होते. तो काम करीत नाही म्हणून त्याला बांधून चाबकाने फोडला. माओरी लोकांत प्रमुखाच्या पाठीला असा हात लावणे म्हणजे साऱ्या टोळीचा अपमान. घरी पोचल्यावर त्याने पाठ दाखविली, आणि त्याच्या लोकांनी जहाजावरची सुमारे सत्तर माणसे मारली. त्यांत बायकामुले होती, ज्यांनी चाबकाला हात लावला नव्हता. त्या कत्तलीचे समर्थन कोणी करू नये, आम्हीही करीत नाही. पण शंभरातल्या नव्वद पुस्तकांत कत्तलीला पाने आहेत आणि चाबकाला एक ओळ.

आता गंमत अशी की दहा वर्षांनी आमच्या ड्रॉमेडरीला ह्याच ते आराच्या दारात जावे लागले. १८१९ मध्ये ती कैदी घेऊन पुन्हा ऑस्ट्रेलियास निघाली. कैदी उतरल्यावर १८२० च्या फेब्रुवारीत तिला न्यूझीलंडास धाडण्यात आले. काम डोलकाठ्यांचे. बाल्टिकच्या लाकडावर आरमाराची भिस्त, आणि नेपोलियनच्या युद्धांत त्या लाकडाचे काय हाल होतात ते सरकारने पाहिले होते. काउरीचा वृक्ष खालपासून वरपर्यंत बिनफांदीचा, सरळ. हवी होती सत्तर-ऐंशी फुटांची, कोठे वाक नसलेली काठी. रानात झाडे पुष्कळ. पण अशी सरळ, आणि तीही पाण्याच्या जवळ, हुडकणे जिकिरीचे. होकिआंगाच्या खाडीत लाकूड होते, पण मुखाशी वाळूचा बांध असल्यामुळे एवढे जहाज आत शिरेना. शेवटी व्हांगारोआच गाठावे लागले, आणि ते आराशी, ज्याला इंग्रज जॉर्ज म्हणत, सौदा करावा लागला. तो इंग्रजी चांगले बोलत होता. शिकला कोठे ते आपण पाहिलेच. ह्या वेळी त्याला कोणी चाबूक दाखविला नाही. लाकूड त्याच्या मुलखात होते आणि ओंडके ओढण्यास माणसे त्याच्या लोकांतली हवी होती. दहा महिने जहाज त्या किनाऱ्यावर अडकून राहिले. बरोबर आलेल्या क्रूझ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने त्या दिवसांची रोजनिशी १८२३ मध्ये छापली. तीत रोजचे खटके, रोजचे समेट, चोरी, मैत्री सारे काही आहे. आमच्या मते करारावरचे ते एक उत्तम पुस्तक आहे, जरी लेखकाला तसे वाटले नसेल.

ओंडके ओढण्यासाठी सिडनीहून बैल आणले होते. त्यांतले सहा मिशनच्या लोकांकडे गेले, आणि ३ मे १८२० रोजी केरिकेरी येथे बटलर नावाच्या पाद्र्याने त्यांच्यामागे नांगर धरला. न्यूझीलंडच्या जमिनीत चाललेला तो पहिला नांगर म्हणतात. इथे जे शेतकरी बसले असतील त्यांनी ध्यानात घ्यावे, की ड्रॉमेडरीने आयुष्यात जे काही वाहून नेले त्यात निर्विवाद चांगले असे आम्हांला हेच वाटते : सहा बैल. त्याच वर्षी त्याच कामासाठी कॉरोमंडल नावाचे दुसरे कोठीचे जहाज आले होते, तेही कलकत्त्याचे. न्यूझीलंडात त्याच्या नावाचे मोठे द्वीपकल्प आहे. सांडणीच्या नावाचे काही नाही.

पुढे ह्या दोन्ही जहाजांना एकाच जागी आणून बांधले. अमेरिका हातची गेल्यावर इंग्रजांना अटलांटिकमध्ये आरमारी तळ हवा होता, म्हणून त्यांनी बर्म्यूडा बेटावर गोदी बांधावयास घेतली. आरंभी भाड्याने घेतलेले गुलाम राबविले. मजूर पुरेनात, महाग पडू लागले. तेव्हा १८२४ पासून विलायतेतून कैदी आणण्यास सुरुवात झाली आणि त्यांना ठेवण्यासाठी जुनी जहाजे आली. १८२६ साली ड्रॉमेडरी आली. डोलकाठ्या उतरविल्या, वर छप्पर घातले, आणि साखळदंडांनी किनाऱ्याशी जखडली. जिच्या पोटात मांसाची पिंपे रचीत तिथे आता माणसे रचली. १८२४ ते १८६३ ह्या काळात नऊ हजारांवर कैदी बर्म्यूडास आले. दिवसभर पांढऱ्या चुनखडीच्या खाणीत दगड फोडायचे, समुद्रात बांध घालायचा. पांढऱ्या दगडावरून उन्हाची तिरीप अशी की डोळे जात. १८५३ च्या पीतज्वराच्या साथीत तर माणसे पटापट मेली. बर्म्यूडात १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. कैद्यांचे हे काम त्यानंतरही जवळजवळ तीस वर्षे चालले.

कोण होते हे कैदी? खुनी, दरोडेखोर असतीलच. पण १८४५ पासून आयर्लंडात बटाट्यावर रोग पडून जो दुष्काळ झाला त्यात धान्य, मेंढरे चोरल्याबद्दल शिक्षा झालेली माणसेही इथे आली. ज्या देशातून दुष्काळातही धान्य परदेशी जात होते तिथल्या उपाशी माणसाने ते उचलले तर तो चोर. जून १८४८ मध्ये ड्रॉमेडरीवर एक वेगळा कैदी आला. जॉन मिचेल, आयरिश पत्रकार. सरकारने त्याच वर्षी घाईघाईने केलेल्या राजद्रोहाच्या नव्या कायद्याखाली चौदा वर्षे काळे पाणी झालेला. तो सभ्य गृहस्थ म्हणून त्याला निराळी खोली मिळाली, दगड फोडावे लागले नाहीत. तो दमेकरी होता. १८४९ च्या एप्रिलात त्याला तिथून हलविले. त्याने लिहिलेली तुरुंगातली रोजनिशी आयरिश स्वातंत्र्यवाद्यांनी पिढ्यान् पिढ्या वाचली. आम्हीही मोठ्या आदराने ती वाचावयास घेतली, आणि मग कळले की हाच मिचेल पुढे अमेरिकेत जाऊन निग्रोंच्या गुलामगिरीची कड घेऊन लिहीत होता. आमच्या हातून पुस्तक काही दिवस बाजूस राहिले. स्वतःच्या पायातली बेडी दिसणाऱ्याला शेजाऱ्याची दिसतेच असे नाही. युनियनमध्येही आम्ही हे पाहिले आहे, कायम कामगार आणि बदली कामगार ह्यांच्यात.

मिचेल लिहू शकला. बाकीच्यांनी काय मागे ठेवले? १८६३ मध्ये बर्म्यूडाची कैदी-वसाहत बंद झाली, आणि १८६४ मध्ये ड्रॉमेडरी मोडण्यात आली. मुंबईचा तो साग पासष्ट वर्षे पाण्यात होता. जहाज गेले, पण ज्या जागी ते इतकी वर्षे बांधलेले होते तिथे पाण्याखाली गाळ होता. १९८२ च्या सुमारास पाणबुड्या संशोधकांनी तो उपसला. त्यात मातीच्या चिलमी सापडल्या, अंगठ्या सापडल्या, आणि हाडांच्या कोरलेल्या वस्तू सापडल्या : जुगाराचे फासे, सोंगट्या, दागिन्यासारखे बारीक नक्षीचे तुकडे. दिवसभर दगड फोडून आलेली माणसे रात्री मिणमिणत्या उजेडात, जेवणातल्या मांसाची हाडे जपून ठेवून, ती घासून कोरीत बसत. काही स्वतःसाठी, काही विकण्यासाठी. पहारेकरी आला की फळीच्या फटीतून ते समुद्रात सोडून द्यावे लागत असेल, किंवा हातातून निसटत असेल. कसे का असेना, ते खाली गाळात जाऊन बसले. फाशांवरचे ठिपके अजून मोजता येतात.